एकशे साठ घोडे

सातपुड्यातल्या एका सरकारी दवाखान्याची जीप बंद पडून सहा महिने झाले होते. पाड्यांवरचे रुग्ण झोळीत घालून डोंगर उतरवावे लागत. नवी गाडी मंजूर झाली, पण इंजिन पेट्रोलचं घ्यायचं की डिझेलचं, यावर आज तिसरी बैठक होती. दवाखान्याचा ड्रायव्हर रतन वळवी एका अडलेल्या बाईची झोळी खांद्यावरून उतरवून तसाच बैठकीला आला होता.

"पेट्रोलच घ्यायचं," जिल्हा आरोग्य अधिकारी इनामदार साहेब म्हणाले. "एकशे साठ घोड्यांची ताकद आहे. डिझेलला जेमतेम शंभर. माझ्या गाडीलाही हेच इंजिन आहे."

"साहेब, आमच्या चढाला वेग नको. हळू ओढणारं डिझेल बरं," रतन थकल्या आवाजात म्हणाला.

"घोड्यांची ताकद म्हणजे काय, कळतं का तुला?"

"कळतं, साहेब. मागच्या महिन्यात तुमची गाडी आमच्या चढावर रुतली, तेव्हा एकशे साठ घोडे जागच्या जागी धावत होते. शेवटी पाड्यावरच्या दोहऱ्या पाडवीचे दोन बैल जुंपले, तेव्हा तुम्ही घरी पोचलात."

साहेबांनी कागद ओढला आणि डिझेलपुढे खूण करून सही केली. सही झाल्याचं सांगायला ते वळले, तर रतनला खुर्चीतच झोप लागली होती.