कोऱ्या चहाचे दोन पेले

"मग आता तरी मान्य कराल ना, सर?"

ऋजुता भोगलेने कागद टेबलावर सरकवला. त्यावर आलेखाचे दोन खांब होते. निरोगी माणसांचा उंच, नैराश्याच्या रुग्णांचा बुटका.

मुणगेकर सरांनी चष्मा पुसला. निवृत्त झाल्यावरही ते दर गुरुवारी मानसोपचार विभागाच्या या जुन्या खोलीत बसत. ही खोली पुढे पाडली. तेव्हा मात्र सगळं जागच्या जागी होतं. भिंतीलगतचा लांब बाक, कोपऱ्यातली शेगडी, पोचे आलेली किटली.

"काय मान्य करू?"

"मेंदूतल्या पेशींना वाढवणारं हे प्रथिन रुग्णांच्या रक्तात कमी आहे. म्हणजे आजार रक्तात दिसतो. आता तास तास बसून 'झोप लागते का, भूक लागते का' विचारायला नको."

"माझी सुट्टी झाली म्हण की."

"तुमच्या पिढीला थांबायचं फार कौतुक, सर. आजारी माणसाकडे तेवढा वेळ नसतो."

सर हसले.

ती हसली नाही. बाकाकडे बघत राहिली.

"आई त्या टोकाला बसायची. मी शेजारी. माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत... घरी गेलो की आत्या म्हणायची, आल्या नाटकं करून. तेव्हा असा एक कागद असता ना, सर, तर तिच्या तोंडावर फेकला असता."

सर उठले. पाणी उकळलं, किटलीत चहाची पूड टाकली, वर पाणी ओतलं. लगेच एक काचेचा पेला भरला. चहा फिका, पिवळसर. मग किटलीवर झाकण ठेवून ते खुर्चीत येऊन बसले.

"दुसरा पेला?"

"असू दे जरा."

बाहेर कोणी तरी पाचोळा झाडत होतं. ऋजुताने घड्याळ पाहिलं. मग फोन पाहिला. मग पुन्हा घड्याळ.

सरांनी दुसरा पेला भरला. हा काळपट तांबडा. फिका पेला त्यांनी बुटक्या खांबावर ठेवला, गडद पेला उंच खांबावर.

"यातला आजारी चहा कोणता?"

"काहीतरीच काय, सर. किटली तीच, पूड तीच. हा फक्त जास्त वेळ..."

ती थांबली.

रक्त गोठताना त्यातल्या प्लेटलेट्समधून हेच प्रथिन सुटत राहतं. नळी जितका वेळ उभी, तितकं ते जास्त. हे तिला पाठ होतं. अर्ध्या तासाने नळी यंत्रात फिरवून वरचा द्रव वेगळा काढायचाच, अशी चिठ्ठी लॅबच्या भिंतीवर तिनेच लावली होती.

"रुग्णांच्या नळ्या कधी फिरवल्यास?"

"वेळेवर. त्यांना एसटी गाठायची असते. रक्त घेतलं की मी तडक लॅबमध्ये."

"आणि निरोगी माणसांच्या?"

"त्या... होस्टेलवरच्या मैत्रिणी होत्या."

"बरं."

"गप्पा रंगल्या. पोहे मागवले. नळ्या स्टँडमध्येच राहिल्या."

"कुठपर्यंत?"

"जेवायची वेळ झाली होती."

सरांनी कागदावरच्या दोन पेल्यांकडे पाहिलं.

"म्हणजे फरक नाहीच?"

"असेल. इतरांना सापडलाय. तुझ्या कागदावरून मात्र कळत नाही."

"सोमवारी हा दिल्लीच्या परिषदेत मांडायचाय, सर. तिकीट काढलंय. नाव छापून आलंय."

"हं."

"तुमचं ठीक आहे. तुम्ही आईवर विश्वास ठेवलात. घरच्यांनी नाही ठेवला. घरच्यांना आकडा लागतो."



"ते खरं आहे," सर म्हणाले. "तुझ्या आत्याला दाखवायला तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. आजही नाही. म्हणून सांगतो, आकडा दे. पण असा दे, की तिलासुद्धा खोडता येऊ नये."

ऋजुताने पेले उचलून बाजूला ठेवले. कागदावर दोन ओली वर्तुळं उमटली होती. तिने त्याची घडी करून पर्समध्ये टाकली आणि फिका पेला एका दमात संपवला.

"कळवते त्यांना. या वेळी येत नाही म्हणून."

दारापर्यंत जाऊन ती वळली.

"सर, आई पहिल्यांदा आली तेव्हा काय बोलली होती?"

"काहीच नाही."

"आणि पुढच्या गुरुवारी?"

"तेव्हाही नाही."

"मग तुम्ही काय करत होतात इतका वेळ?"

सरांनी किटलीवर झाकण नीट बसवलं.

"चहा मुरायची वाट बघत होतो."