गौरीच्या आधीचा घास

मॉरिशसच्या दक्षिणेला उसाच्या मळ्यांमध्ये काळदगड नावाची मराठी वस्ती आहे. तिथल्या गौरी बघायला रत्नागिरीकडची पाहुणेमंडळी गेली की हमखास गोंधळतात. गौरीला नैवेद्य दाखवायच्या आधीच घरातलं लहान मूल तिच्या ताटातली भाजी-भाकरी खातं, आणि उरलेलं ताट देवीपुढे जातं. एखादी पाहुणी न राहवून म्हणतेच, "अहो, हे उष्टं झालं की." मग वस्तीतल्या सुंदरामावशी तिला बाजूला बसवून बनूची गोष्ट सांगतात.

बनू म्हणे मळ्यावरच्या मजुरांच्या पहिल्या बोटीतून आली, तेव्हा पोटुशी होती. सासूने वाटेतच डोळे मिटले. जाण्याआधी तिने बजावलं, की परक्या मातीतलं अन्न गौरीला दाखवल्याशिवाय लेकराच्या तोंडी लावू नकोस. बनूने हो म्हटलं. बाळ झालं, त्याला दात आले, तरी उष्टावण राहिलं ते गौरीसाठी. आणि इकडे बनूचं दूध आटत चाललं.

तिच्या नवऱ्याच्या, धाकूच्या हिशेबाने भाद्रपद आला. पण हा कसला भाद्रपद? पाऊस नाही, नुसता गारठा. तेरडा नाही, रानात ओळखीची एक भाजी नाही. बनू कुंपणाकुंपणाने फिरली. कुठला पाला खायचा नि कुठला विषारी, तेही कळेना. महिना चुकला असेल का? की गौर समुद्र ओलांडून येतच नसेल? आणि येणारच नसेल, तर लेकराला उपाशी ठेवलंय ते कुणासाठी? तिला काहीच उमजेना. बाळ तर रडायचंही थांबून नुसती मूठ चोखत होतं.

शेजारच्या खोपटात वळ्ळियम्मा नावाची तमिळ बाई राहायची. तिने आपल्या छपरावरच्या वेलाचे कोंब शिजवून आणले. बनूने भाकरी थापली, पाटावर हळकुंड मांडून त्यालाच गौर मानलं, ताट वाढलं नि दिवा लावायला वळली. तेवढ्यात वळ्ळियम्माने भाकरी भाजीत कुस्करली आणि बाळाच्या तोंडात घास घातला.

घास काढायला बनूचा हात बाळाच्या तोंडाशी गेला. बाळ डोळे मिटून चावत होतं. हात तिथेच राहिला.

"अक्का, आधी देवीला द्यायचं होतं गं."

"देवी मोठी आहे," वळ्ळियम्मा मळ्यातल्या मोडक्या बोलीत म्हणाली. "ती थांबेल. हा थांबायचा नाही."

उरलेलं ताट बनूने देवीपुढे सरकवलं. सकाळी त्यातली भाकरी एका कडेने कमी झालेली दिसली. गौर जेवली, असं सांगतात. धाकू म्हणाला, उंदीर असेल. बनूला शेवटपर्यंत काही ठरवता आलं नाही. बाळाने मात्र म्हणे त्या दिवसापासून बाळसं धरलं.

आजही काळदगडच्या बाया लेकराला घास भरवतात, उरलेलं ताट गौरीपुढे ठेवतात आणि हळूच विचारतात, "चालेल ना गं?" थोडा वेळ वाट बघतात. तेवढ्यात मूल आणखी मागतं, आणि त्या ताटातलीच भाकरी पुन्हा मोडतात.