बारा जागांची फुकट गाडी

त्या राज्यात वैद्य एकच होता आणि आजारी मात्र गावोगाव होते. वैद्य म्हणजे तळ्याकाठचं म्हातारं पाणमांजर. हाताला गुण असा, की मरणाच्या दारातून जनावर परत यावं. पण तळं तीन टेकड्यांपलीकडे. ज्याच्या पायात बळ त्याला तिथे काम नाही, आणि ज्याला काम त्याच्या पायात बळ नाही. म्हणून राजाने दवंडी पिटवली: आठवड्यातून एकदा बारा जागांची गाडी दारापर्यंत येईल, आजाऱ्याला नेईल, परत आणून सोडेल, आणि कुणाकडून छदामही घेणार नाही. राजाच्या मनात खोट नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गाडी एक खेचर ओढी आणि वर पोपट बसे. दार आलं की पोपट तीन घंटा वाजवी. तिसऱ्या घंटेपर्यंत आजारी दारात दिसला तर गाडीत, नाहीतर हजेरीच्या पानावर गैरहजर. तीनदा गैरहजर राहणाऱ्याचं नाव कायमचं कटलं. नियम सरळ होता. फक्त तो करणाऱ्यांनी तिथल्या कुणाच्या उंबऱ्यावर कधी पाय ठेवला नसावा. कारण त्या मुलखाची रीत अशी, की दारी आलेल्याच्या हातावर गूळ आणि पाणी ठेवल्याशिवाय घरच्याने घर सोडायचं नाही.

सोनाक्का शेळीच्या छातीत पाणी साचे. वैद्याने ते आठवड्याला काढलं तरच तिला श्वास पुरे. पहिल्या खेपेला गाडी आली, खेचर घामाने निथळत होतं, आणि सोनाक्का सवयीने आत वळली. लोटा घेऊन बाहेर येते तो समोर नुसती धूळ. दुसऱ्या खेपेला तिने शहाणपणा केला, लोटा आधीच उंबऱ्यावर ठेवला. गाडी दिसली आणि आठवलं, गूळ आतच राहिला.

तिने पोपटाला गाठून सगळं सांगितलंही. तो शांतपणे म्हणाला, "दारात दिसला नाहीत, म्हणजे तुम्ही नव्हता."

शेजारची गिरजा साळिंदर त्याच गाडीची. तिचीही एक खेप हुकलेली. ती म्हणाली, "दैव देतं आणि कर्म नेतं, अक्का. पण म्हणून काय दारातल्याला कोरडं पाठवायचं? जनाची नाही तर मनाची तरी."

सोनाक्काला आता आडवं होता येत नव्हतं. बसल्या बसल्या दोन शब्द बोलली की धाप लागे. आणखी एक खेप चुकली तर पुढची खेप बघायला आपण नसू, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला मरायचं नव्हतं. म्हातारी झाली म्हणून काय झालं, तिला अजून जगायची हौस होती.

तिसऱ्या खेपेला ती उजाडताच दारात उभी राहिली. काहीही बाहेर ठेवलं तरी काहीतरी आत राहणार आणि पाय आत वळणार, हे तिला कळून चुकलं होतं. माळ्यावरचं जुनं दावं काढून तिने स्वतःला चौकटीशी बांधून घेतलं. गाठ अशी, की बाहेर ओढली तर सुटावी आणि आत ओढली तर आवळावी. जन्मभर जिने दावी तोडली तिने आपल्या हाताने दावं गळ्यात घातलं.

उन्हं चढली तेव्हा गाडी आली. खेचराच्या तोंडाला फेस होता. पोपटाने पहिली घंटा दिली.

"अक्का, घोटभर पाणी मिळेल?" खेचर म्हणालं.

सोनाक्काचे पाय आपोआप आत वळले आणि दावं गळ्यात रुतलं. दुसरी घंटा झाली.

"घरात पाणी नाही, बाबा," ती म्हणाली. आत माठ काठोकाठ भरलेला होता. तिने बाहेर झेप घेतली, गाठ सुटली, आणि तिसऱ्या घंटेला ती गाडीत होती. शरमेने तिला मान वर करवेना.

गाडी गिरजाच्या दारी थांबली. गिरजाने खेचराचा फेस बघितला, कळवळली आणि आत वळली. "गिरजा, जाऊ नको," सोनाक्का ओरडू गेली, पण छातीतून आवाज निघालाच नाही. तीन घंटा झाल्या. पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारी तेच. प्रत्येक घराच्या आतून भांड्यांचा आवाज येई आणि गाडी हले. टेकड्या संपल्या तेव्हा अकरा जागा रिकाम्या होत्या.

तळ्याकाठी बारा चटया अंथरलेल्या होत्या. वैद्य वाट बघत होता.

"बाकीचे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

पोपटाने पान वाचलं. "अकरा गैरहजर. गरज असती तर आले असते. बरे झाले, असं वाटेतूनच राजवाड्याला कळवलं आहे."

सोनाक्काला बोलायचं होतं, पण आधी श्वास हवा होता. वैद्याने तिला बाराव्या चटईवर उशीला टेकवून बसवलं, नळी लावली, आणि छातीतलं पाणी थेंबथेंब वाडग्यात पडू लागलं. कितीतरी दिवसांनी तिला पुरता श्वास मिळाला. तिने डोळे उघडले. राजवाड्याचे दोन मुंगळे चटया उचलण्याचा हुकूम घेऊन आले होते. त्यांनी अकरा चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या, आणि मग तिच्या उशाशी एक, पायथ्याशी एक असे, बाराव्या चटईची टोकं धरून, ती उठायची वाट पाहत उभे राहिले.