वाघदऱ्याची सीताफळं

“...मग बाई, तुम्ही आला का नाहीत?”

महारुद्र तोंडे आश्रमाच्या ओट्यावर टेकत म्हणाला. आवाजात तक्रार होती, पण आदर सुटलेला नव्हता. याच ओट्यावर रत्नाबाईंनी लहानपणी त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती.

रत्नाबाई महानुभाव पंथाच्या तपस्विनी. वय झालेलं, तरी डोंगरपट्ट्यातल्या गावांत भिक्षेला पायी जात. महारुद्रच्या सत्काराला सगळा जिल्हा लोटला होता. बाई मात्र आल्या नव्हत्या.

मग तोच सांगत बसला.

इथल्या डोंगरात सीताफळ आपोआप येतं. बाया ते तोडायच्या आणि व्यापारी देईल त्या भावाला घालायच्या. फळ दिवसभरात मऊ पडतं, त्यामुळे घासाघीस करायला वेळच नसे. महारुद्रनं पुण्याची नोकरी सोडली आणि एक अ‍ॅप बनवलं. बाया सकाळी आपला माल फोनवर टाकायच्या, शहरातले दुकानदार भाव सांगायचे, टेम्पो दारात यायचा. तालुक्याची उलाढाल दुपटीवर गेली. शीतगृह झालं, बँकेची शाखा आली. जिथं कुडाच्या भिंती होत्या तिथं विटा चढल्या.

यातलं काहीच खोटं नव्हतं. बाईंनी ते पाहिलंही होतं.

“सगळा तालुका वर आला, बाई.”

“सगळा?”

“सगळा.”

बाईंनी वाळलेल्या लुगड्याची सावकाश घडी केली...

“उद्या वाघदऱ्याला निघालेय. चल माझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी डांबरी रस्ता संपला तिथं गाडी ठेवून दोघं कच्च्या रस्त्यानं चालू लागले. खिंड ओलांडल्यावर महारुद्रनं फोन काढून बघितला, खिशात ठेवला. थोडं उतरल्यावर पुन्हा काढला. बाई काठी टेकत पुढं चालल्या होत्या.

गाव दिसायच्या आधी त्याचा वास आला. गोड, आंबूस. झाडांखाली सीताफळं फुटून पडली होती. त्यांवर मुंग्या चढल्या होत्या.

सुभाबाई नावाच्या बाईनं दंडवत घालून दोघांना अंगणात बसवलं, पाणी दिलं. मग सकाळीच तोडलेल्या सीताफळांची पाटी पुढ्यात आणून ठेवली. महारुद्रनं सवयीनं एक फळ उचलून फिरवलं. सालीवरचे डोळे मोठे, फटी पिवळसर. असा माल आपल्या शीतगृहातही क्वचित येतो, असं त्यानं तिला सांगितलं. तिला बरं वाटलं.

रत्नाबाईंनी पाटी त्याच्याकडं सरकवली.

“ही फोनवर वीक.”

तो हसला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून थांबला. फोन घेऊन उठला, अंगणाच्या कडेला गेला. तिथून गोठ्याच्या भिंतीवर चढला. हात वर करून बराच वेळ तसाच उभा राहिला.

सुभाबाईनं त्याला खालूनच सांगितलं की वर कड्यावर गेलं तर कधीमधी फोन लागतो. तिची सून जायची. पण ती वर जाऊन खाली येईपर्यंत टेम्पो दुसऱ्या गावाला गेलेला असायचा. मग तिनं नाद सोडला.

“आधी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा का इथं?” त्यानं विचारलं.

“यायचा. भाव पाडून घ्यायचा, पण यायचा. वरच्या गावांचा माल फोनवर गेला. आता निस्त्या आमच्यासाठी कोण उतरतंय एवढं खाली?”

ती रागावून बोलत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

महारुद्रचा हात खाली आला.

त्याच्या ऑफिसात भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता. जिथून माल यायचा ती गावं हिरवी. वाघदरा पांढरा होता. तिथं सीताफळच होत नसेल, असं तो धरून चालला होता. कुणी विचारलं असतं तर त्यानं तसंच सांगितलंही असतं.

तो उतरला आणि बाईंच्या शेजारी येऊन बसला.

सीताफळांची पाटी तशीच पुढ्यात होती.

“बंद करू का सगळं, बाई?”

“म्हणजे वरच्या गावातल्या बायांनी पुन्हा व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं?”

“नाही...”

“मग?”

“मग काय करू, ते तुम्ही सांगा.”

रत्नाबाईंनी काठी घेतली आणि उठल्या. तोही उठला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलकेच खाली बसवलं. सुभाबाईला म्हणाल्या, याच्यापुरती भाकरी जास्त टाकत जा.

सुभाबाईनं मान डोलावली.

महारुद्र वर बघत राहिला. “आणि मी परत कधी येऊ?”

बाई वाटेला लागल्या होत्या. मागं वळून म्हणाल्या,

“इथून तुझा फोन लागला, की ये.”