बाविसाव्या घरची पाट

ऐक गे शेळीमाये, तुझी कहाणी. बायांनो, हातात पाच पाच तांदूळ घ्या, बोलणं पुरे करा, आणि ज्यांना मधेच उठायचं आहे त्यांनी आत्ताच उठून घ्या. एकदा सुरू केली की मी थांबायची नाही.

आटपाट नगर होतं. नगराचा एक राजा होता, राजाची राणी होती. नगराबाहेर ओढा होता, ओढ्याच्या अलीकडे माळ होता, माळावर एक वस्ती होती. वस्तीत घरं बावीस. बावीस हे ध्यानात ठेवा. राणीनं ठेवलं नाही, म्हणून तर ही कहाणी झाली.

त्या वस्तीत येसू नावाची बाई राहायची. तिचा नवरा राणू, तो दगड फोडायचा. पदरात एकच लेक, मैनी. दोन वर्षांची झाली तरी पाऊल टाकेना. हातपायांच्या काटक्या, पोट तेवढं पुढं आलेलं. येसूच्या अंगावरचं दूध कधीच आटलं होतं. मग एक वैदूबाई दारावरून चालली होती, तिला येसूनं आत बोलावलं. वैदूबाईनं लेकरू उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाली, "पाला नको, मुळी नको. हिला दूध पाज." येसू म्हणाली, "कुणाचं पाजू?" वैदूबाई झोळी उचलून चालती झाली.

इकडे राणीला काय झालं? राणीला सगळं होतं, पण अन्न गोड लागत नव्हतं. पंचपक्वान्नांचं ताट पुढं यायचं, राणी हात लावायची नाही. मग तिनं नवस केला. "गोरगरिबांच्या दारी एकवीस शेळ्या देईन. त्यांचं दळिद्र फिटेल, मला अन्न गोड लागेल." एकवीसच का? तर मोदक एकवीस, दूर्वा एकवीस, म्हणून शेळ्याही एकवीस. वस्तीत घरं किती ते कुणी मोजलं नाही.

मग शुभ दिवस पाहिला. पुढं ताशे, मागं पालखी, मधे शेळ्या. शेळ्यांच्या कपाळाला कुंकू, गळ्यात पितळी घंटा, पाठीवर लाल खण. पहिल्या दारी पहिली शेळी, दुसऱ्या दारी दुसरी, असं करता करता एकविसाव्या दारी शेळ्या संपल्या. बाविसावं घर गवराचं. गवरा विधवा, शिराईच्या केरसुण्या वळून पोट भरायची. तिची लेक बनी, मैनीपेक्षा थोडी लहान. दोघी मायलेकी दारात उभ्याच राहिल्या.

राजाचा कारभारी येसूच्या दारी आला. दावं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ही व्रताची शेळी. हिला मारू नये, हिला विकू नये, हिचा अपमान करू नये." येसू विचारणार होती, अहो, मग हिचं करायचं काय? ती तोंड उघडते तोवर पालखी वळली होती.

येसू गोंधळून गेली. मीही गोंधळले असते. शेळी होती तरणी, अजून व्यालेली नव्हती. दूध हवं तर ती व्यायला हवी. व्यायला हवी तर तिला बोकडापाशी न्यायला हवी. पण हिच्या कपाळाला तर कुंकू. देवीला कुणी बोकडापाशी नेतं का?

मग ती भटजींकडे गेली. म्हणाली, "महाराज, शेळीचं काय करू?" भटजी म्हणाले, "व्रताची वस्तू आहे बाई. रोज पूजा करावी, आधी तिला घास द्यावा, मग आपण जेवावं." मग ती वाड्याच्या दाराशी गेली. म्हणाली, "कारभारीसाहेब, शेळीचं काय करू?" कारभारी म्हणाला, "देणं आमच्याकडे होतं, ते दिलं. पुढचं आमच्याकडे नाही." मग ती शेजारणीकडे गेली. म्हणाली, "बाई गं, तू शेळीचं काय करतेस?" शेजारीण म्हणाली, "मी तुझ्याकडेच बघतेय, तू काय करतेस म्हणून."

झालं. एकवीस घरी एकवीस शेळ्या खुंट्याला बांधलेल्या. सकाळी आंघोळ, मग कुंकू, मग नैवेद्य. माळावर कुणी सोडेना, पायाला काटा रुतला तर कोप व्हायचा. भाकरी दोन व्हायच्या, त्यातली एक शेळीला. शेळीनं भाकरी खाल्ली, फुलांचा हार खाल्ला, एके दिवशी पाठीवरचा खणही खाल्ला. खण खाल्ला तेव्हा येसू घाबरली, राणू मात्र हसत सुटला. पुष्कळ दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं. मैनीला भाकरी बुडवायला काही नव्हतं ते नव्हतंच. आधी माणसं उपाशी होती, आता माणसं आणि देवी दोघंही अर्धपोटी.

सहा महिन्यांनी राणी आपल्या नवसाचं फळ बघायला आली. बघते तर माणसं वाळलेली, शेळ्या वाळलेल्या, घंटा तेवढ्या लखलखीत. राणी म्हणाली, "मी दिलं ते गेलं कुठं?" दिलेलं तर सगळं डोळ्यांपुढं बांधलेलं होतं! राणी गोंधळली, पालखीत बसली आणि आली तशी निघून गेली. ताट तिचं अजून तसंच परत जात होतं.

मग काय झालं? एक धनगराची म्हातारी आपला खांड घेऊन ओढ्यावर उतरली. पन्नास शेळ्या, दोन बोकड. तिनं येसूच्या दारी पाणी मागितलं. पाणी पिता पिता तिची नजर खुंट्याकडे गेली आणि तिला ठसका लागला. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"आगं बया, हिला का गं बसिवलीस हितं?"

येसू म्हणाली, "आजी, ही व्रताची आहे."

"आसंल. पर शेळी हाय ना? तिला चार पाय कशापायी दिल्यात?"

म्हातारीनं घंटा सोडली. ओल्या पदरानं कुंकू पुसलं. येसूला वाटलं, आता वीज पडणार. आभाळ निरभ्र. म्हातारीनं शेळीच्या पाठीवर थाप मारली, तशी शेळी उड्या मारत खांडात शिरली आणि बोरीचा पाला ओरबाडायला लागली.

एव्हाना वस्तीतल्या बाया गोळा झाल्या होत्या. मागं गवराही होती. येसू म्हणाली, "आजी, आमच्या हातून व्रत मोडलं का?"

म्हातारी म्हणाली, "केलंच न्हाई तर मोडंल कसं? आता करा. हिला रानात चारा. येळ आली की बोकड दावा. आन् हिची पहिली पाट आपल्या दारी ठिऊ नगा. वाढवा, गाभण ऱ्हाऊ द्या, मग जिच्या घरी शेळी न्हाई तिच्या हाती दावं द्या. आन् नुसती शेळी दिऊ नगा गं बायांनो, कसं करायचं त्येबी सांगा."

पाट म्हणजे शेळीची लेक बरं का. आपण बसतो तो पाट नव्हे. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

म्हातारी चार दिवस ओढ्यावर राहिली, मग खांड घेऊन गेली, पुन्हा आली नाही. ती देवी होती असं म्हणतात. माझ्या सासूबाई तर हात जोडून सांगायच्या. मला विचाराल तर ती धनगरीणच होती. देवीला शेळीतलं इतकं कळत नाही.

पाच महिने झाले. येसूची शेळी व्याली. दोन करडं झाली, एक बोकड, एक पाट. पाटीच्या कपाळावर पांढरा टिळा. मैनीनं पहिल्यांदा वाटीभर दूध प्यायलं आणि ती झोपली ती दुपारपर्यंत उठेना. येसू दहा वेळा नाकाशी बोट धरून बघून आली. महिना झाला, मैनीच्या गालावर मांस आलं. दोन महिने झाले, तिनं शेळीचा कान धरला आणि उभी राहिली. तिसऱ्या महिन्यात पाटीच्या मागं चालायला लागली. बोकड बाजारात गेला, घरावर नवं गवत आलं. येसूला सुख कसं ओळखायचं ते ठाऊक नव्हतं. तिला वाटे, काहीतरी विसरलंय.

वर्ष गेलं. पाट मोठी झाली, गाभण राहिली. इकडे थोरली शेळीही पुन्हा गाभण, तिचं दूध आटत आलं. आता पाट द्यायची. पण पाट दिली तर मैनीला दूध कुठलं? वसा म्हणतो दे, लेक म्हणते पाज. दोन्ही खरं. बाईनं काय करावं?

येसूनं इकडं तिकडं पाहिलं. एकवीस घरी एकवीस पाटी होत्या, आणि वस्तीत बिनशेळीचं घर एकच, गवराचं. जी ती म्हणे, "एवढ्या जणी आहोत, कुणीतरी देईलच की." येसूही तेच म्हणाली. आणि गवराच्या दारी एकही गेली नाही. गवरानं कधी मागितलं नाही. ती केरसुण्या वळत बसायची.

द्यायचा दिवस आला. येसूनं पाट दिली नाही. मग ती कोपाची वाट बघत बसली. पहिल्या दिवशी वाटलं, शेळी मरेल. शेळी रवंथ करत बसली होती. दुसऱ्या दिवशी वाटलं, घर पेटेल. चूल धड पेटली नाही, घर कसलं पेटतंय. तिसऱ्या दिवशी वाटलं, मैनीला काही होईल. मैनी अंगणभर नाचत होती. काही झालं नाही. सासूबाईंच्या कहाणीत इथं मोठा कोप आहे, पाट मरते, राणू आंधळा होतो. मी तो सांगत नाही. कोप झाला नाही, बायांनो. त्यामुळंच तर येसू जास्त गोंधळली. कोप होणार नसेल, तर द्यायचं कशाला?

चौथ्या दिवशी येसू सकाळी पाणी घेऊन आली. अंगणात मैनी तोंड फिरवून बसली होती. दुधाची रिकामी वाटी हातात, आत बोट फिरवायची, बोट चाटायची. वाटीला काही लागलेलं नव्हतं तरी पुन्हा बोट फिरवायची. हातांच्या काटक्या, पोट पुढं. येसूला वाटलं, माझी लेक पुन्हा वाळली! हंडा टाकून ती धावली, लेकराला उचललं.

ती मैनी नव्हती. ती बनी होती. मैनी बाजूला पाटीशी खेळत होती, चांगली गुबगुबीत.

येसू तशीच उभी राहिली. बनी कडेवर, अंगात वजन नाही. बनीला वाटलं आता मार बसणार, तिनं वाटी पुढं केली. येसूला रडू कोसळलं. मग तिनं एका हातानं खुंट्याचं दावं सोडलं, बनी कडेवर, पाट मागं, पाटीमागं मैनी भोकाड पसरत, अशी वरात गवराच्या दारी गेली.

गवरानं पाहिलं. तशीच आत गेली आणि ठेवणीतली कुंकवाची कुयरी घेऊन आली.

येसू म्हणाली, "आधी ती आत ठेव. हिला ओवाळू नकोस, हिला भाकरी घालू नकोस. हिला माळावर सोड. उद्या मी दाखवते कुठला पाला चांगला."

गवरा म्हणाली, "आणि मैनीला काय पाजशील?"

येसू म्हणाली, "मला नाही ठाऊक."

घरी राणूनं तेच विचारलं. त्यालाही तिनं तेच सांगितलं.

मग थोरली शेळी पुरती आटली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, पंधरा दिवस गेले. मैनी वाटी घेऊन बसायची आणि रडायची. येसू कानांवर हात ठेवायची. मी हे काय करून बसले, असं तिला रोज वाटायचं. खोटं कशाला सांगू, दिलेली पाट परत आणावी असंही एकदा वाटलं. उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

विसाव्या दिवशी सकाळी दारात कुणीतरी उभं राहिलं. बनी. दोन्ही हातांत वाटी धरलेली. वाटी भरून निघाली होती, वाटेत निम्मी सांडली होती, बनीचे पाय दुधानं माखले होते. मागं गवरा.

येसू म्हणाली, "पाट व्याली?"

"व्याली की. आठ दिवस झाले. चीक होता तोवर थांबले, आज निर्मळ दूध आलं."

"हे आणायचं तुला कुणी सांगितलं?"

गवरा म्हणाली, "सांगायचं काय त्यात? पोर रडताना आमच्या घरी ऐकू येतं."

मैनीनं वाटी घेतली. अर्धी प्याली आणि अर्धी बनीपुढं धरली. थोरली शेळी पुन्हा व्याली त्या दिवसापर्यंत रोज सकाळी वाटी येत राहिली.

हे वस्तीनं पाहिलं. मग बाकीच्या वीस घरांना लाज वाटली. वस्तीत आता बिनशेळीचं घर उरलं नव्हतं, म्हणून त्या घरच्या बाया ओढ्यापलीकडच्या वस्तीत पाटी घेऊन गेल्या, आणि पाटीबरोबर आपणही चार दिवस तिथं राहिल्या. पुढं राणी आली. तिला एकवीस शेळ्यांच्या दोनशे दिसल्या. मोजता मोजता ती दमली, गवराच्या दारी टेकली. गवरानं तिला दूधभाकरी दिली. राणीनं ती सगळी खाल्ली. तिला वाटलं, आपलं व्रत फळलं. कुणी तिला काही समजावलं नाही. खाऊ दे बिचारीला.

येसूचा गोंधळ गेला तसा सगळ्यांचा जावो. येसूच्या लेकीला पाऊल फुटलं तसं तुमच्याआमच्या लेकरांना फुटो. शेळीमाये, देणारीच्या हाताला दावं दे, घेणारीच्या दारी रान दे, आणि बाविसावं घर आम्हांला वेळेवर दिसू दे.

थांबा, तांदूळ टाकू नका अजून. बाहेर शेवग्याला यंदाची पाट बांधली आहे. ती कुणाच्या दारी जायची ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे, ती बाई इथंच खाली मान घालून बसली आहे. मी नाव घेत नाही. कहाणी साठा उत्तरांची होती, मी पाचांत आटपली, ती सुफळ व्हायची अजून बाकी आहे. चला, उठा आता सगळ्या. दावं कोण सोडतंय?