सात वर्षांचं पाणी

लव्हेगाव नावाच्या एका गावात भिवरा नावाची एक रंगारीण राहत होती. तिच्या अंगणात काळ्या दगडाची एक डोण होती. चार म्हशी एका वेळी पाणी पितील एवढी मोठी. नवरा होता तोवर त्या डोणीत लुगडी रंगत. नवरा गेला आणि रंगही गेला. डोण मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती हलवायला आठ माणसं लागत.

एके दिवशी भिवरानं डोण घासूनपुसून पाण्यानं भरली. जुना रंग दगडातून उतरावा, एवढाच हेतू होता. पाण्यात निळाई येईनाशी होईपर्यंत तिनं ते चार-पाचदा बदललं. शेवटचं पाणी भरून ती वळते तोच वरून एक खंड्या पक्षी उडत गेला आणि त्याच्या चोचीतला मासा सुटून डोणीत पडला. बोटभर मासा. एका बाजूचे खवले गेलेले, पण पोहत होता. काठावर मांजर वाट पाहत बसली होती.

"तुला रोज मिळतं," भिवरा मांजरीला म्हणाली, आणि तिला हाकललं.

दुसऱ्या दिवशी तिनं गावच्या तळ्यातून घमेलंभर गाळ आणला, मूठभर पाणगवत आणलं, कुमुदिनीचा एक कंद आणला आणि सोबतीला तीन मासे आणले. गवताला चिकटून गोगलगायी आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं हिरवं झालं. मग त्याला वास सुटला. दोन मासे उलटे होऊन वर आले. शेजारी तिची धाकटी जाऊ चांगुणा राहत होती. ती कुंपणावरून म्हणाली, "अक्का, फेकून द्या हो ते. नाक धरून भाकरी खावी लागते."

"एका हातानं नाक धर. भाकरीला दुसरा पुरतो."

भिवरानं पाणी फेकलं नाही, उपसलं नाही, त्यात काही घातलं नाही. रोज सकाळी ती काठावर बसून बघायची आणि हात मांडीवर ठेवायची. काहीही न करणं हे फार कष्टाचं काम आहे. राज्यकर्त्यांना तर ते जमलेलं ऐकिवात नाही.

तिसऱ्या महिन्यात पाणी आपोआप निवळलं. गोगलगायींनी दगडावरचा बुळबुळीत थर खरवडून खाल्ला होता. गवतानं गाळात मुळं धरली होती. दुसऱ्या वर्षी माशांना पिल्लं झाली आणि डासांच्या अळ्या दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या वर्षी एक बेडूक आला आणि त्यानं दोन पिल्लं गिळली. भिवरानं रागानं त्याला उचलून ओढ्यापलीकडे नेऊन सोडलं. तो परत आला. असं चार वेळा झालं. मग तिच्या लक्षात आलं की बेडूक नसतो त्या दिवसांत किडे कुमुदिनीच्या पानांची चाळण करतात. पाचव्या वेळी ती म्हणाली, "बस बाबा." चौथ्या वर्षी एक काळी, कुरूप अळी पाण्यातून कुमुदिनीच्या देठावर चढली, पाठीवर उकलली, आणि आतून लाल चतुर बाहेर पडून उडून गेला. भिवरा त्या दिवशी जेवायचं विसरली.

अशी सात वर्षं गेली.

आता त्या गावात एक रीत होती. फार पूर्वी कोणाच्या तरी रांजणात पाल पडली होती. तेव्हापासून देवीच्या जत्रेआधीच्या अवसेला प्रत्येक घरातलं साठवणीचं पाणी ओतून द्यायचं, भांडी राखेनं घासायची आणि अंगणात पालथी मांडायची. तिला पालथी अवस म्हणत. कारभारी काठी घेऊन घरोघर फिरायचा आणि प्रत्येक भांड्यावर टिचकी मारायचा. भांडं खणखणलं की त्या घराच्या दाराला हळदीचा दोरा बांधायचा. ज्या दाराला दोरा नाही, त्या घरचं पाणी वर्षभर कोणी प्यायचं नाही. पालीचं काय झालं, ते कोणाला ठाऊक नव्हतं. रीत मात्र जिवंत होती.

जुना कारभारी शहाणा होता, किंवा त्याचे गुडघे दुखत असावेत. दगडाची डोण पालथी होत नाही हे पाहून तो पुढे जायचा. पण त्या साली नारोपंत नावाचा नवा कारभारी आला. त्याला नाव कमवायचं होतं, आणि गावात त्या वेळी कमवण्यासारखं दुसरं काही शिल्लक नव्हतं.

नारोपंतानं डोणीवर काठी मारली. ठप्प आवाज आला.

"भिवराबाई, हे पाणी कधीचं?"

"सात वर्षांचं."

बरोबरची माणसं दोन पावलं मागे सरकली.

"उपसा. पालथी होत नसेल तर निदान कोरडी करून घासा. दोन घटकांचं काम आहे."

"मोडायला दोन घटका पुरतात, कारभारी. जमायला सात वर्षं लागली."

"गावात घाण चालायची नाही."

"ही घाण असेल तर तुम्ही वाकून वास घ्या. आणि मग तुमच्या घरच्या मोरीचा घ्या."

मागे कोणीतरी खोकल्यात हसू दडवलं. नारोपंताचे कान लाल झाले. त्यानं दोरा पिशवीत परत टाकला आणि सांगितलं, "उद्या डोण फुटेल."

संध्याकाळी चांगुणा आली. ती दाराशीच उभी राहिली, कारण आता या घरचं पाणी घेता येत नव्हतं. "अक्का, हट्ट सोडा. ते मासे एका घागरीत काढून माझ्याकडे लपवा. डोण धुऊन दाखवा. दोरा बांधून झाला की भरा पुन्हा. सगळं गाव असंच करतं. मी स्वतः जुनं लोणचं माळ्यावर लपवलंय."

"मासे घागरीत मावतील. गाळ? गोगलगायींची अंडी? त्या दगडावरचा थर? आणि जे मला अजून दिसलेलंच नाही, ते कशात भरू?"

"मग वर्षभर तुमच्या घरी कोण येईल?"

"बेडूक येतो," भिवरा म्हणाली. पण चांगुणा गेल्यावर ती बराच वेळ काठावर बसून राहिली. तिला माणसं आवडत होती.

सकाळी नारोपंत सटवाजी पाथरवटाला घेऊन आला. सटवाजीच्या खांद्यावर मोठा घण होता. भिवरानं त्यांना येताना पाहिलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती डोणीत उतरून बसली. कमरेपर्यंत पाणी आलं. कुमुदिनीचं एक पान तिच्या कुशीला टेकलं.

"हं, सटवाजी. फोड."

सटवाजीनं घण खाली ठेवला. "कारभारी, तुम्ही डोण फोडायला सांगितलंत. बाईचं काही बोलला नव्हता."

"बाहेर या!" नारोपंत ओरडला.

"तुम्ही आत या. पाणी छान आहे."

नारोपंत पेचात पडला. डोण फोडायचा अधिकार त्याला होता. भरलेली डोण बाईसकट फोडायचा आहे की नाही, हे कुठल्याच कागदात नव्हतं. म्हणून अशा वेळी हुशार माणसं करतात तेच त्यानं केलं. राजधानीला पत्र लिहून विचारलं.

राजाचा दरबार कामसू होता. पत्राला उत्तर यायला एक वर्ष लागायचं, आणि तातडीच्या पत्राला तेरा महिने.

पण नाव कमवायचं तर राहिलंच होतं. नारोपंताच्या मनात आलं, गावात सर्वांत मोठं भांडं कोणतं? गावतळं. त्यातलं पाणी तर कोणाच्या आज्यानंही बदललेलं नव्हतं. त्यानं दवंडी पिटवली. जत्रा उरकताच तळ्याचा बांध फोडून पाणी सोडलं. मासे गावजेवणात संपले. बेडूक पाट्या भरभरून रानात नेऊन ओतले. गाळ दगड लागेपर्यंत खरवडला, आणि तळाचे दगड चिंचेनं आणि राखेनं घासले. तळं पालथं तेवढं घातलं नाही, ते जमण्यासारखं नव्हतं म्हणून. मग बांध बुजवून नदीचं पाणी पाटानं आणून भरलं. पाणी आरशासारखं चमकलं. नारोपंत दिवसातून तीनदा त्यात आपली पगडी बघायचा.

विसाव्या दिवशी तळं हिरवं झालं. तिसाव्या दिवशी त्याला वास सुटला. नारोपंतानं ते पुन्हा उपसून घासलं. या वेळी ते पंधरा दिवसांतच हिरवं झालं, आणि त्यात डासांच्या अळ्या अशा वळवळू लागल्या की पाणी उकळतंय असं वाटावं. तो तिसऱ्यांदा उपसायच्या तयारीत होता, तेवढ्यात घरोघर थंडीताप सुरू झाला. चांगुणाची लेक चार दिवस शुद्धीवर नव्हती.

पाचव्या दिवशी लेकीनं डोळे उघडले. चांगुणा तडक उठली आणि भिवराच्या दारात आली. दोरा नसलेल्या त्या दाराच्या आत ती पालथ्या अवसेनंतर पहिल्यांदाच शिरली.

"अक्का, पाणी द्या प्यायला."

भिवरानं तांब्या दिला. चांगुणानं तो रिकामा केला, डोणीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एकही अळी नाही."

"मासे ठेवतच नाहीत."

ही बातमी नारोपंतापर्यंत पोचायला चांगुणाचा आवाज पुरेसा होता. त्यानं शिपाई पाठवला. "गावकामासाठी डोणीतला गाळ, गवत, मासे आणि गोगलगायी ताबडतोब हजर कराव्यात, असा हुकूम आहे."

"हुकमानं गोगलगायसुद्धा हलत नाही," भिवरा म्हणाली. "ज्याला हवं त्यानं वाटी घेऊन यावं आणि मागावं."

शिपाई गेला. घटकाभरानं सटवाजी वाटी घेऊन आला. मग कुंभार आला, मग तेलीण आली. प्रत्येकाला ओंजळभर गाळ, गवताची काडी, दोन गोगलगायी मिळाल्या. शिवाय दोन-दोन माशांची पिल्लंही मिळाली, कारण डोणीत त्यांना जागा अपुरी पडत होती. उन्हं उतरताना नारोपंत आला. त्याच्या एका हातात चांदीची वाटी होती आणि दुसऱ्या हातात काठी.

"मला तळ्यासाठी हवं आहे," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"देते. पण एक अट आहे. वर्षभर तळ्याला हात लावायचा नाही. हिरवं झालं तरी नाही, वास आला तरी नाही."

"मग मी करायचं काय?"

"बघायचं."

"नुसतं?"

"अवघड आहे. म्हणून ती काठी आधी माझ्याकडे द्या."

नारोपंतानं काठी दिली. भिवरानं ती तळ्याच्या काठाशी, गाळ पसरला तिथं रोवली. "अळीला चढायला लागते," एवढंच ती म्हणाली. नारोपंताला काही कळलं नाही.

तळं हिरवं झालं. त्याला वास सुटला. नारोपंताचे हात शिवशिवत. तो पायरीवर हात काखेत दाबून बसायचा, आणि लोक आपापली कामं सोडून ते बघायला यायचे. पण तापाची माणसं हळूहळू उठली, अळ्या कमी झाल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी तळ्याचा तळ दिसला. त्याच सकाळी नारोपंतानं आपल्या काठीवर एक काळी अळी चढताना पाहिली. ती पाठीवर उकलली. आतून लाल चतुर बाहेर आला, पंख वाळवून उडून गेला. त्या दिवशी कारभाऱ्यांची कचेरी उघडलीच नाही.

आणि मग, पुढच्या पालथ्या अवसेच्या दिवशी, राजधानीहून उत्तर आलं. ते घेऊन खुद्द दरबारचा जासूद घोड्यावरून आला होता. अंमलबजावणी डोळ्यांनी पाहून कळवायची, असं त्याला सांगितलं होतं. नारोपंत आणि शिपायाला घेऊन तो भिवराच्या अंगणात उभा राहिला; गाव आपापल्या अंगणातून कान देऊन होतं. जासुदानं हुकूम वाचला.

"डोण फोडावी. आत बसलेल्या इसमाला बाहेर काढावं. न निघाल्यास बांधून राजधानीस पाठवावं."

भिवरानं काष्टा घट्ट केला. "मी निघायची नाही," ती म्हणाली आणि डोणीत उतरून बसली. बेडूक डुबकन आत गेला.

जासुदानं शिपायाकडे पाहिलं. शिपाई दोर घेऊन पुढे झाला. तेवढ्यात कुंपणापलीकडून पाण्याचा आवाज आला. चांगुणा आपल्या गूळ उकळायच्या मोठ्या काहिलीत उतरली होती. त्या काहिलीत गाळ होता, गवत होतं, आणि वाटीतून नेलेल्या माशांची नातवंडं होती. मग कुंभाराच्या अंगणातून आवाज आला, मग तेलिणीच्या. सटवाजीनं त्या वर्षात घणानं फोडायच्या ऐवजी छिन्नीनं स्वतःची डोण घडवली होती. तो तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला, कारण माप चुकलं होतं.

जासूद घोड्यावर चढून बघू लागला. जिथं नजर जाईल तिथं माणसं पाण्यात बसली होती. गावात एकही भांडं पालथं नव्हतं.

"कारभारी!" तो ओरडला. "हा काय प्रकार आहे? बांधा सगळ्यांना!"

"दोर एकच आहे," नारोपंत म्हणाला.

"मग तुमच्या घरापासून तरी शिस्त दाखवा."

"घरी बायको बसली आहे." नारोपंतानं पगडी काढून डोकं पुसलं. "तीही निघायची नाही. मी सकाळीच विचारलंय."

"आणि तुमची काठी कुठंय?"

"कामात आहे."

 तेव्हा नारोपंतानं तिथंच बैठक मारली आणि स्वच्छ अक्षरात दरबाराला पत्र लिहिलं: 'डोण फोडण्याचा हुकूम मिळाला. गावात अशा डोणी, काहिली व रांजण मिळून एकशे बारा असून प्रत्येकात एक इसम बसला आहे. पैकी नेमकी कोणती डोण फोडावी, ते कृपा करून कळवावं.' जासूद जाताना नारोपंतानं पत्रावर ठळक अक्षरात 'तातडीचं' असं लिहिलं, म्हणजे आणखी एक महिना मिळाला.

घोडा दिसेनासा झाल्यावर भिवरा डोणीतून उठली. लुगडं पिळता पिळता म्हणाली, "पुढचं उत्तर आलं की सांगा. मी इथंच बसेन."

तात्पर्य: जे जमायला सात वर्षं लागतात, ते मोडायचा हुकूम दोन शब्दांत निघतो; असा हुकूम आला की जागचं हलू नये.