समोरून

फार पूर्वी माळावरच्या साळुंक्यांमध्ये एक नियम होता, आणि तो का आहे असे कुणी विचारायचे नाही हाही नियमच होता: गाय चालेल, म्हैस चालेल, पण घोड्याच्या पाठीवर बसायचे नाही.

बकुळी नावाच्या तरुण साळुंकीला मात्र तबेल्यातल्या तांबड्या घोडीचा लळा लागला. पहिल्या दिवशी ती मागून येऊन पाठीवर उतरली आणि शेपटीच्या एका फटक्यासरशी गवताच्या गंजीत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी ती समोरच्या खुंटावर बसली, दोन शब्द बोलली आणि घोडीने कान वळवल्यावरच तिच्या खांद्यावर उतरली. घोडी हलली नाही. तेव्हापासून तिच्या अंगावरचे गोचीड वेचणे हेच बकुळीचे रोजचे काम झाले.

वर्षभराने वडीलधारे तबेल्याच्या आढ्यावर जमले.

"पुरे झाला हट्ट," मामा म्हणाले. "तुझ्यासाठी एक शांत म्हैस बघून ठेवलीय. जन्मभर बसून खाशील."

"आणि माझी घोडी?"

"घोड्यांचा काय भरवसा? माझ्या आजोबांना उडवलं, वडिलांना उडवलं, मलाही उडवलं."

"मामा, तुम्ही कुठून गेला होतात?"

"कुठून म्हणजे? सगळे जातात तसा, मागून."

बकुळी खुंटावर उतरली, दोन शब्द बोलली आणि घोडीच्या खांद्यावर जाऊन बसली. घोडीने सुखाने डोळे मिटले.

"मी म्हशीकडे येणार नाही," बकुळी म्हणाली. "मी जन्मभर हेच काम करणार. तुम्हाला बघायचं असेल तर या, पण समोरून या."